चौदा जणींचं लॉगिन

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी विचारायला नको, की पेरिझात, एवढी साधी गोष्ट कळायला तुला अख्खा आठवडा कसा लागला. आठवडाभर मीच बोलत होते, म्हणून लागला.

माझी मावशी झूराकान डोंगरातल्या कोचकोर गावी असते. तिथल्या चौदा बायका मिळून शिरदाक करतात, म्हणजे लोकर दाबून केलेले जाडजूड गालिचे. मावशी त्यांची म्होरकी, चौदांच्या वरची पंधरावी. तिशीतच लग्न मोडून ती वडिलांच्या घरी परत आली ती तिथेच राहिली, आणि आज गावात तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नाही. मी बिश्केकमध्ये वाढलेली, वेबसाइटी बांधून पोट भरणारी, बिनलग्नाची. वसंतात तिचा फोन आला. आमच्या बायकांना साइट हवी आहे, आणि भाची म्हणून तुझा काही उपयोग आहे की नाही ते एकदाचं कळू दे, असं म्हणून तिने फोन ठेवूनही दिला.

साइट कशाला हवी होती, तर परदेशातलं एक संग्रहालय नव्या दालनासाठी शिरदाक घेणार होतं आणि प्रत्येक शिरदाकाखाली तो करणारीचं नाव नि फोटो लावणार होतं. अट एकच. जी करणार तिने स्वतः साइटवर यायचं आणि काम स्वीकारल्याचं बटण दाबायचं, मध्ये कुणी नको. जुलैच्या पहिल्या रविवारी संध्याकाळपर्यंत निदान दहा जणी आल्या तर ठीक, नाहीतर ते नेहमीसारखे शहरातल्या व्यापाऱ्याकडून घेणार.

नेहमीसारखे म्हणजे कसे, ते बुरुलचा एजेला ठाऊक होतं. बुरुलचा हे तिचं अख्खं नाव, वय सहासष्ट. आमच्याकडे मोठ्या बाईला नावापुढे एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं. तिने दोन हिवाळे खपून एक शिरदाक केला होता. तो व्यापाऱ्याने नेला, आणि पुढे त्याचा फोटो छापून आला तेव्हा खाली व्यापाऱ्याच्या कारखान्याचं नाव. एका कोपऱ्यात टाका चुकून परत घातला होता, त्यावरून तिने आपलं काम ओळखलं.  फोटो कापून पेटीत रजयांच्या खाली ठेवून दिला. आता तिच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं, फार तर एक मोठा शिरदाक हातून झाला असता. मावशी मला म्हणाली, "बाकीच्यांचं पुढे बघता येईल. हिचं नाव या खेपेला लागलं नाही, तर ते कायमचं राहिलं."

साइट मी तयार साच्यावर उभी केली. अशा साच्याबरोबर लॉगिनचं पानही आयतं मिळतं. करडी पाटी, मधोमध पांढरी चौकट, वर साचा करणाऱ्यांचं चिन्ह. मावशीने ते आपल्या फोनवर बघितलं आणि तोंड वाकडं केलं. ही दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आहे, म्हणाली, इथून आमच्या बायका आत यायच्या नाहीत. मला ते पटलं. असं पान बदलताना मूळ फाइलींना हात लावायचा नसतो, नाहीतर साच्याची नवी आवृत्ती आली की केलेलं सगळं पुसलं जातं. बाजूला आपली एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात लिहायचं, की ते चिन्ह काढ, हे लाव, मागचा रंग असा कर, चौकटीला काठ दे, बटणावरचे शब्द बदल. सगळं मिळून साठेक ओळींचं काम. कोचकोरला येताना गाडीत बसल्या बसल्या मी ते करून टाकलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

कोणी काय लिहून आत यायचं, तेही मीच ठरवलं. चौदा जणींत तिघींचं नाव अनारकान आणि दोघींचं साइकाल, म्हणजे नुसत्या नावाने गोंधळ. मग मी ग्रामकार्यालयातली घरांची यादी मागवून घेतली. तिच्यात प्रत्येक घर वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावावर, तो हयात असो नसो, आणि चौदा घरांची चौदा वेगळी नावं. छान काम झालं. पहिल्या रकान्यावर मी लिहिलं, 'घरातल्या वडीलधाऱ्यांचं नाव', आणि खाली पासवर्ड. मावशीने आपल्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं नाव लिहिलं, बटण दाबलं आणि दोन क्षणांत आत. एवढं सोपं आहे, तर बायका तासाभरात शिकतील, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं.

मुदतीचा रविवार सहा दिवसांवर असताना, सोमवारी सकाळी चौदाही जणी मावशीकडे जमल्या. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर चहा, बोरसोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, साय, जर्दाळूचा मुरंबा. मी पान दाखवलं, मावशीचं लॉगिन करून दाखवलं, आणि म्हटलं, चला, काढा आपापले फोन. फोन निघाले. बोटं रकान्यावर टेकली आणि तिथेच थांबली. मग एकीचा चष्मा घरी राहिल्याचं निघालं. एकीची गाय आजउद्याकडे व्यायची होती. एकीच्या फोनची बॅटरी संपली, आणि तिच्या शेजारणीला ती संपलेली बघून एकदम आठवलं की आपलीही संपत आलीये. अर्ध्या तासात खोली रिकामी, आणि बोरसोकांचं ताट मात्र साफ.

मला वाटलं, अक्षरं बारीक आहेत. मंगळवारी ती दुप्पट मोठी केली आणि बटण तळहाताएवढं. बायका आल्या, बघितलं, बटण छान आहे म्हणाल्या, चहा प्यायल्या आणि गेल्या.

मग मला वाटलं, पान परकं वाटतंय. बुधवारी मी मागच्या पाटीवर शिरदाकाची नक्षी घातली, लाल आणि काळ्यात मेंढ्याची शिंगं, चौकटीला तुटक रेघेचा काठ. हे बघून मात्र सगळ्यांच्या जिभा सुटल्या. उपोल एजे म्हणून एक आहे, सगळ्यांत तिखट. ती म्हणाली, शिंगं खाली वाकलीत, मेंढा मेलाय का तुझा? दुसरी म्हणाली, हा काठ मशीनवर मारलाय, शिरदाकाला दोन रंगांचा पीळ लागतो. तिसरीला काळा नको होता, तिथे चहाच्या पानांच्या रंगाचा तपकिरी हवा होता. मी कोड उघडून तिथल्या तिथे बदल करत गेले. शिंगांचं चित्र उलटं फिरवलं, तुटक रेघ काढून तिच्या जागी पीळ दिला, काळ्याचा तपकिरी केला. प्रत्येक बदलागणिक चौदा डोकी माझ्या खांद्यावरून आत. तीन तास असा धिंगाणा चालला होता की मावशीला दोनदा चहा टाकायला लागला. शेवटी उपोल एजेने जवळ येऊन, लांब जाऊन बघितलं आणि म्हणाली, आता हा अंथरला तर चालेल. मी खरंच सुखावले.

आणि मग म्हटलं, आता लॉगिन करा. की लगेच चष्मे घरी राहिले.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. दोन रंगांचे थर एकावर एक ठेवून, खडूची रेघसुद्धा न मारता एका दमात सुरीने नक्षी कापणाऱ्या या बायका. यांचा हात मी बघितलाय. आणि यांना आठ अक्षरं लिहिता येऊ नयेत? हे मी मनात म्हणायला हवं होतं, ते तोंडाने म्हणाले. वर हेही म्हणाले, की तुम्हाला हे काम नकोच असेल तर तसं स्पष्ट सांगा, मी उद्याच्या गाडीने जाते.  बुरुलचा एजेने आपली चहाची वाटी पालथी घातली आणि उठली. सगळ्या निघून गेल्यावर मावशीने मला जे काय सुनावलं, ते मी इथे लिहीत नाही.

शुक्रवारी सकाळी, जाण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून, मी साइटची नोंदवही उघडली. कोण आत आलं, कोणाचा प्रयत्न फसला, हे सगळं तिथे आपोआप लिहिलं जातं. मला वाटलं होतं की रिकामी असेल. तर फसलेले एक्केचाळीस प्रयत्न, सगळे बायकांनी रात्री घरी बसून केलेले. पहिल्या रकान्यात जे लिहिलं होतं ते वाचून मी हातातला नान खाली ठेवला. 'आमच्या घरचे मोठे.' 'पांढरी दाढी.' 'उपोलला विचारा, तिला माहीत आहे.' एकीने लिहिलं होतं, 'ज्यांचा काळा घोडा होता ते.' पासवर्ड मात्र सगळ्यांचे बिनचूक. एका फोनवरून सात प्रयत्न होते आणि साती वेळा रकाना नुसता कोरा. तो फोन बुरुलचा एजेचा होता.

माझा पहिला विचार काय असावा? की या माझी चेष्टा करतायत. मी तशीच उठले, लॅपटॉप काखेत मारला आणि तरातरा बुरुलचा एजेच्या घरी गेले.

एजे अंगणात लोकर निवडत होती. मी काही बोलायच्या आत तिने मला आत नेऊन वरच्या जागी बसवलं, उशी दिली. सून चहा ओतायला बसली. कालच्या माझ्या बोलण्याबद्दल चकार शब्द नाही, उलट रात्री झोप लागली का, कोचकोरचं पाणी मानवतंय का, असली चौकशी. मला आणखीच राग आला. मी लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला.

"एजे, सात वेळा कोरं सोडलंस. आज माझ्यासमोर लिही. काय अडतंय ते मला बघू दे."

तिने बोट पुढे केलं. पहिल्या अक्षरावर नेलं. टेकवलं मात्र नाही, मागे घेऊन मुठीत धरलं.

"अगं, तुझ्या सासऱ्यांचं नाव," मी म्हटलं. "कादिरकुल. क, आ, द..."

सुनेच्या हातातल्या किटलीतून चहा वाटीबाहेर सांडला. एजेने झटकन दाराकडे बघितलं, जणू म्हातारा अजून तिथे बसलाय. तो जाऊन सतरा वर्षं झाली होती.

"हळू, बाळ," ती म्हणाली. "असं नाव मोठ्याने घेऊ नये. तुझं ठीक आहे, तू या घरची सून नाहीस."

  मला माहीत नव्हतं असं नाही हो. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही? माझी आई बिश्केकमध्ये राहून, बँकेत नोकरी करून, आजही माझ्या वडिलांच्या वडिलांना 'ते' म्हणते. पण माहीत असणं निराळं आणि लॉगिनचं पान लिहिताना ते आठवणं निराळं. मी कुणाची सून नाही. मावशी झाली होती, तीही तीस वर्षांपूर्वी थोडे दिवस, आणि आता बापाच्या घरात बापाचं नाव खुशाल लिहीत होती. आम्हा दोघींच्या डोक्यात आलंच नाही. चौदा जणींना मी दारातच उभं करून म्हटलं होतं, की आधी सासऱ्याचं नाव घ्या, मग आत सोडते.

"पण लिहायचं होतं फक्त," मी शेवटी म्हणाले. "बोलायचं कुठे होतं?"

"लिहिताना मनात बोलल्याशिवाय लिहिता येतं का?" एजे म्हणाली. "ते मला कधी एक वाईट शब्द बोलले नाहीत. आजारात माझ्या मुलाला घोड्यावर घालून नारीनच्या दवाखान्यात नेलं. त्यांना मी अशी नावाने हाक मारू? ती पण एका बटणासाठी?"

"आणि कागदपत्रांवर?"

"तिथे कारकून लिहितो. आपण खाली सही करायची."

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस. सोमवारीच सांगितलं असतंस तर पाच मिनिटांचं काम होतं. ती हसली. म्हणाली, पहिल्या दिवशी वाटलं, बाकीच्या लिहितील, आपणच एक जुनाट. दुसऱ्या दिवशी तू बटण एवढं मोठं केलंस. तिसऱ्या दिवशी शिंगं फिरवलीस, काठाला पीळ घातलास. शहरातून पोर येते, आमच्यासाठी घाम गाळते, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई, तुझ्या पानात खोट आहे.

आता सांगा, अशा माणसांवर मी काल ओरडले होते. मला इतकी लाज वाटली की मी चहात साय घालायची विसरले, आणि सुनेने ती न विचारता घातली.

तिथेच बसून मी फाइल उघडली. पहिल्या रकान्यावरचे शब्द पुसले आणि एकाचे दोन रकाने केले. पण दुसऱ्यात विचारायचं काय, हा प्रश्न होता, कारण तीन अनारकान आणि दोन साइकाल काही कमी होणार नव्हत्या. नवऱ्याचं नाव नको, सासऱ्याचं नको, दिराचं नको. मी एजेला विचारलं, नावापुढे काय लावू, म्हणजे तू कोणती बुरुलचा ते कळेल? ती म्हणाली, गावात मला बाकितची आई म्हणतात, नाहीतर खालच्या गल्लीतली सून.

"आणि त्याच्या आधी?" मी विचारलं. "इथे यायच्या आधी?"

 "तेव्हा असानाली किझी होते," ती म्हणाली. असानालीची मुलगी.

सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पण मुलीने बापाचं घ्यायला कोणाची बंदी नाही. मी लिहिलं. पहिल्या रकान्यावर 'तुझं नाव', दुसऱ्यावर 'कोणाची मुलगी?' आत नावं बदलायला, जुनी काढून नवी घालायला तासभर गेला. बापांची नावं सुनेने घरोघर फोन करून गोळा केली. निघताना एजेने नानचा तुकडा पुढे केला. तो तोंडात घातल्याशिवाय आमच्याकडे कोणाला सोडत नाहीत. मी तो खाल्ला आणि तिची माफी मागितली. कशाबद्दल, असं विचारून तिने मला बाहेर काढलं.

शनिवारी मी काहीच बोलले नाही, नुसता निरोप धाडला. रविवारी दुपारी बायका आल्या. त्यांनी पान उघडलं. नक्षी तीच, पीळ तोच, फक्त त्या एका रकान्यावरचे शब्द निराळे. आणि ते शब्द वाचून खोलीत असा काही गलका उठला, की विचारू नका. उपोल एजेने लिहिण्याआधी बापाचं नाव खड्या आवाजात सांगितलं, आणि तो कसा सगळ्या खोऱ्यात नंबर एकचा घोडेस्वार होता, तेही. लगेच एक साइकाल म्हणाली, घोडेस्वार कसला, माझ्या बापाने त्याला दोनदा हरवलं होतं. तीन अनारकानांपैकी एकीचा बाप मेंढपाळ, एकीचा शाळामास्तर आणि एकीचा लग्नं मोडण्यात पटाईत निघाला. हे तिने स्वतःच सांगितलं, अभिमानाने. कोणाचाही चष्मा घरी राहिला नव्हता. चार वाजेपर्यंत तेरा जणींनी काम स्वीकारलं. मावशी खिडकीपाशी उभी राहून डोळे पुसत होती आणि चुलीचा धूर झाला म्हणत होती. चूल अंगणात होती.

बुरुलचा एजे शेवटी बसली. तिने एका बोटाने अक्षर अक्षर शोधून लिहिलं. बुरुलचा. मग खाली, असानाली. पासवर्ड टाकला आणि ते तळहाताएवढं बटण दाबलं. पान उघडलं. वरच्या कोपऱ्यात तिचं नाव आलं, बुरुलचा असानाली किझी, आणि खाली संग्रहालयाचं काम. तिने ते स्वीकारल्याचं बटण दाबलं. सगळ्याजणी एकदम श्वास सोडून चहाकडे वळल्या.

एजे मात्र उठली नाही. तिने बाहेर पडायचं बटण शोधलं आणि दाबलं. लॉगिनचं पान पुन्हा आलं. तिने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं.

मला वाटलं, तिला कळलं नाही. मी वाकून हळूच म्हटलं, "एजे, झालं तुझं. काम मिळालं. आता परत लिहायला नको."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचं बोट 'कोणाची मुलगी?' या शब्दांखाली थांबलं होतं. "पंचेचाळीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. एकदाच सांगून कसं पुरेल?"

मी बाजूला सरकले. तिने ते आणखी चार वेळा लिहिलं, आणि तिचा चहा थंड झाला तेव्हा मी तो बदलून आणला.